‘हा विषय इथे नको’ हे कुणी, कुणाला आणि कुठे सांगायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. भाषांतरकारांच्या एका व्यावसायिक ईमेल ग्रुपचे तुम्ही नवे मॉडरेटर आहात, सदस्य साधारण ७००. मागच्या महिन्यात एकाने मेल टाकला, ‘अमुक एजन्सीकडून चार महिने पैसे आले नाहीत, आणखी कुणाला असा अनुभव?’ तासाभरात एका जुन्या सदस्याचं उत्तर आलं की हा ग्रुप शब्दांच्या चर्चेसाठी आहे, वसुलीसाठी नाही. मग दोन दिवसांत ६० मेल, त्यात एकमेकांना टोले, आणि १२ जण ग्रुप सोडून गेले. आता तुम्ही विचारताय की चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या विषयांची यादी करून टाकू का, आणि यापुढे प्रत्येक मेल आधी तपासून मगच सोडू का. जाता जाता मेलाखालच्या लांबलचक सह्यांचं आणि मागचा अख्खा मेल चिकटवून येणाऱ्या उत्तरांचंही विचारलंय.

असाच एक ग्रुप मी १६ वर्षं सांभाळते आहे. सदस्य तुमच्यापेक्षा कमी, ४३० च्या आसपास. थोडक्यात उत्तर हवं असेल तर विषयांची यादी जरूर करा, पण अर्ध्या पानाची, आणि भांडण थंड झाल्यावर. मेल तपासून सोडण्याच्या भानगडीत पडू नका, निदान सगळ्यांच्या तरी नाही. या दोन्हींच्या आधी एक तिसरं काम आहे. ते तुम्ही विचारलेलं नाही, पण मला वाटतं तुमचं दुखणं तिथे आहे.

आधी आर्काइव्ह उघडा आणि ते ६० मेल ओळीने वाचा. कंटाळा येईल, तरी वाचा. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे पैशांच्या मूळ प्रश्नाला काही उत्तर देणारे मेल मोजा, उजवीकडे ‘हे इथे चालतं की नाही’ यावरचे. आमच्याकडच्या एका मोठ्या भांडणानंतर मी हे केलं होतं. एकूण ८४ मेल होते. मूळ विषयावरचे ९. उरलेले ७५ चालतं-चालत नाही यावर, आणि ते ११ जणांनी मिळून लिहिले होते. त्यातही चौघांचेच निम्म्याहून जास्त. म्हणजे मला दोन दिवस ‘अख्खा ग्रुप पेटलाय’ असं जे वाटत होतं तो चार माणसांचा वाद होता, बाकीचे चारशे लोक डिलीट करत बसले होते.

आता थोडं गणित. एक मेल उघडायचा, काय आहे ते बघायचं आणि बंद करायचा, याला १५ सेकंद धरा. ७०० जणांचे मिळून जवळपास तीन तास होतात. तेव्हा ‘एका माणसाच्या वसुलीसाठी सगळ्यांचा वेळ का’ हे तुमच्या जुन्या सदस्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही. पण ६० मेलांचे १७५ तास होतात. तीन तास वाचवायला निघालेल्या मेलाने बाकीचे १७२ तास खाल्ले.

हे आपल्याच धंद्यातल्या लोकांचं आहे असं समजू नका. ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलॅम डीएल३’ नावाच्या एका अंतर्गत मेल यादीवर सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांची नावं होती, आणि बहुतेकांना त्याची कल्पनाही नव्हती. एकाच्या ते लक्षात आलं. त्याने ‘मी या यादीत का आहे, माझं नाव काढा’ असं सगळ्या यादीलाच लिहिलं. मग ‘माझंही काढा’ म्हणणारे आले. मग ‘कृपया सगळ्यांना उत्तर पाठवणं थांबवा’ हे सगळ्यांना उत्तर पाठवून सांगणारे आले. तासाभरात दीड कोटीच्या आसपास मेल फिरले आणि यंत्रणा बसली. तिथे मुळात विषयच नव्हता, बऱ्याच जणांची एकमेकांना शिस्त लावायची हौस मात्र होती.

तर तिसरं काम हे. ‘हा विषय इथे नको’ हे वाक्य ग्रुपवर कुणीही लिहायचं नाही. जुन्या सदस्यांनी नाही, संस्थापकांनी नाही, आणि एरवी तुम्हीही नाही. कुणाला काही खटकलं तर त्याने मॉडरेटरला लिहायचं. मॉडरेटरने ज्याचा मेल आहे त्या एकट्याला लिहायचं. आमच्याकडे बाकी नियमांना मी बऱ्यापैकी ढील देते, पण हा मोडला की त्याच दिवशी मेल जातो.

याचं कारण नुसतं सौजन्य नाही. व्यावसायिक ग्रुपवर आपण ज्यांच्यासमोर लिहितो तेच उद्या आपल्याला काम देतात, आपलं नाव सुचवतात, आपला मजकूर तपासतात. त्यांच्यादेखत ‘तुम्हाला इथली रीत कळत नाही’ असं कुणी म्हटलं की गप्प बसणं परवडत नाही. गप्प बसलो तर मान्य केलं असं दिसतं. म्हणून माणूस उत्तर देतो, मग त्याचे मित्र देतात, आणि मग विषय पैशांचा राहत नाही, कोण कुणाला गप्प करतं याचा होतो. त्यात लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर १९८२ मध्ये कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा केली आणि काहींना ती खरी वाटली. त्यावरच्या चर्चेतच स्कॉट फालमन यांनी थट्टेपुढे :-) ही खूण लावायची सूचना केली. एकाच विभागात रोज भेटणाऱ्या लोकांना एकमेकांची थट्टा कळत नव्हती. आपले ७०० लोक तर एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात.

ऑक्टोबर १९९५ मध्ये नेटवरच्या शिष्टाचाराचं एक टिपण निघालं होतं, आरएफसी १८५५ या क्रमांकाचं (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीची क्रमांक देऊन प्रसिद्ध होणारी टिपणं). त्यातलं बरंच काही आता जुनाट झालंय, ओळीत किती अक्षरं असावीत वगैरे. पण त्यातल्या दोन सूचना मी अजूनही नव्या सदस्यांना आमच्या शब्दांत पाठवते. भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवा, मग पाठवा. आणि एका माणसाशी मतभेद झाला तर तो त्याच्याशी खासगी मेलवर निस्तरा, त्यातून ग्रुपच्या कामाचं काही निघालं तर नंतर त्याचा सारांश टाका. ही दुसरी सूचना वाचली की मला दरवेळी वाटतं, लोकांना हे तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं आणि आपण अजून दर तिमाहीला नव्याने शिकतोय.

खासगी मेल म्हणजे नुसता खासगी असून भागत नाही, हे मी उशिरा शिकले. पहिल्या वर्षातले माझे मेल असे असायचे: ‘कृपया नोंद घ्यावी की ग्रुपच्या नियम क्र. ४ नुसार आर्थिक बाबींवरील मेल अनुज्ञेय नाहीत. पुनरावृत्ती झाल्यास सदस्यत्व स्थगित करण्यात येईल.’ थेट सरकारी नोटीस. ज्याला गेला त्याने तो तसाच ग्रुपवर चिकटवला, खाली एकच ओळ लिहून: ‘आपल्या मॉडरेटरची भाषा बघा.’ आणि त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

आता मी असं काहीसं लिहिते:

‘नमस्कार. तुमचा पैशांबद्दलचा मेल वाचला. चार महिने म्हणजे फारच झालं. एजन्सीचं नाव घेऊन आपण ग्रुपवर चर्चा करत नाही, कारण ती लगेच भरकटते आणि आर्काइव्हमध्ये नावानिशी कायमची राहते. या एजन्सीबरोबर काम केलेले दोघं मला माहीत आहेत, त्यांना तुमचा पत्ता देऊ का? तोवर धागा मी इथेच थांबवतेय. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता हे खरंच आहे.’

यात पहिल्यांदा त्याची अडचण आहे, मग नियमाचं कारण, मग दुसरी वाट. दुसरी वाट दाखवता येत नसेल तर मेल पाठवायच्या आधी ती शोधा. माणूस मुळात मदत मागायला आला होता. मदत कुठेच मिळणार नसेल तर तुमचं कारण कितीही पटण्यासारखं असो, तो ते वाचणारही नाही.

जुन्या सदस्यालाही लिहावं लागेल आणि तो मेल जास्त अवघड आहे. तो म्हणणार, ‘मी पहिल्या दिवसापासून आहे, ग्रुप वाचवायला बोललो.’ ते खरंही असतं. अशा वेळी मी मेल लिहीत नाही, फोन करते. आधी त्यांना काय खुपलं ते पूर्ण ऐकून घेते. मग सांगते, ‘पुढच्या वेळी मला लिहा, मी तासाभरात बघते.’ यातलं ‘तासाभरात’ महत्त्वाचं. जुने लोक बहुतेकदा चारचौघांत बोलतात ते मॉडरेटर झोपलाय असं वाटून. तुम्ही दिवसातून दोनदा तरी ग्रुप बघत नसाल तर हा नियम टिकणार नाही. बघणं जमत नसेल तर सोबतीला आणखी एक मॉडरेटर घ्या, शक्यतो वेगळ्या वयाचा.

खासगीत सांगण्याला एक अपवाद आहे. कुणी ग्रुपवरच दुसऱ्या सदस्याचा अपमान केला, त्याच्या भाषेवरून, शिक्षणावरून, तो कुठून आलाय यावरून काही बोलला, तर तुमचा शब्दही ग्रुपवरच यायला हवा. तिथे खासगीत समजूत घातलीत तर ज्याला लागलं त्याला आणि बघणाऱ्या सगळ्यांना वाटतं की मॉडरेटरला हे चालतं. दोन ओळी पुरतात: ‘वरच्या मेलातला वैयक्तिक शेरा आपल्या ग्रुपवर चालत नाही. हा धागा इथे थांबवतेय.’ विशेषणं नकोत, समजावणं नको, आणि त्यावर आलेल्या उत्तरांना ग्रुपवर उत्तर नको.

आता विषयांच्या यादीकडे. यादीने भांडण मिटेल अशी तुमची आशा आहे. माझा अनुभव असा की ‘विषय’ हे वरवरचं नाव असतं, वाद असतो तो ग्रुप कशासाठी आहे यावर. जे सुरुवातीपासून आहेत त्यांच्यासाठी तो संदर्भग्रंथासारखा आहे: अडलेला शब्द विचारला, उत्तर मिळालं, विषय संपला. नव्याने धंद्यात आलेल्यांना शब्द इतरत्रही मिळतात. त्यांना इथे सोबत हवी असते, कुणाकडून सावध राहायचं, किती दर सांगायचा, यंत्राने काम हिसकावलं तर काय करायचं. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण एकाच इनबॉक्समध्ये त्या नांदत नाहीत.

इंटरनेटचे तांत्रिक मानदंड ठरवणाऱ्या आयईटीएफचा इतिहास इथे उपयोगी पडतो, कारण त्यांचं सगळं कामच मेल यादीवर चालतं. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी आपल्या मुख्य यादीची सनद आरएफसी ३००५ म्हणून प्रसिद्ध केली. ती अगदी छोटी होती: संस्थेच्या कामाशी संबंध नसलेले विषय नकोत, परक्या परिषदांच्या घोषणा नकोत, व्यवसायाला न शोभणारी शेरेबाजी नको. तेवढ्याने भांडणं संपली नाहीत. २००४ मध्ये कार्यगटाच्या अध्यक्षांना, आधी समज देऊन, एखाद्याचं लिहिणं जास्तीत जास्त ३० दिवस थांबवण्याचा अधिकार द्यावा लागला. आणि २०१९ मध्ये त्यांनी मसुद्यांवरच्या अखेरच्या हरकतींसाठी वेगळी यादी काढली, म्हणजे ज्यांना फक्त तेवढंच वाचायचंय त्यांना मुख्य यादीवरच्या गदारोळात शिरायला नको. नियम, मुदतबंद शिक्षा, आणि शेवटी वेगळं दार. माझ्या मते सर्वात जास्त उपयोग तिसऱ्याचा होतो आणि सर्वात कमी पहिल्याचा, पण आपण सगळे पहिल्यापासूनच सुरुवात करतो.

आम्ही आठ वर्षांपूर्वी दुसरं दार काढलं. मुख्य ग्रुपवर शब्द, संदर्भ, भाषा, साधनं. दुसऱ्यावर दर, एजन्स्या, करार आणि मनातलं सगळं. कुणालाही आपोआप घातलं नाही, हवं त्याने यावं. साधारण तिसरा हिस्सा लोक आले. मुख्य ग्रुपवरची वादावादी जवळजवळ थांबली, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या ग्रुपवर सर्वात जास्त बोलणारे काही जण तेच होते जे मुख्य ग्रुपवर ‘पैशांचं इथे नको’ म्हणून ओरडायचे.

पण हे तुम्हालाही लागू होईलच असं नाही. ग्रुप एखाद्या संस्थेचा असेल आणि लोक वर्गणी भरत असतील तर विषय कोणते हे तुम्ही एकट्याने ठरवू नका, कार्यकारिणीकडून लेखी घ्या. सदस्यांना पैशांवर बोलायला आधीच दुसरी जागा असेल तर नवी काढू नका, तिचा पत्ता द्या. सदस्य ५०-६० असते तर मी काहीच केलं नसतं, फोनवर मिटलं असतं. आणि तुमचं आर्काइव्ह शोधयंत्रांना दिसतं का, हे आजच तपासा. दिसत असेल तर त्या एजन्सीच्या नावासकट ६० मेल उघड्यावर आहेत, आणि बाकी सगळ्याच्या आधी ते बंद करा.

काही विषयांचं वेगळं सांगते.

पैसे बुडवल्याच्या तक्रारी: नावानिशी आरोप हा अब्रूचा आणि म्हणून कायद्याचा मामला होऊ शकतो, त्यात मॉडरेटरही ओढला जाऊ शकतो. आमच्या दुसऱ्या ग्रुपवर तक्रार लिहायचा ठरलेला साचा आहे: काम कधी दिलं, बिल कधी पाठवलं, मुदत काय होती, शेवटचं उत्तर काय आलं. ‘चोर’, ‘लबाड’ असली विशेषणं असतील तर मेल परत जातो. भाषांतरकारांच्या प्रोझ या संकेतस्थळावरचा ब्लू बोर्ड बघितला असेल. तिथे एजन्सीला १ ते ५ गुण देतात आणि प्रश्न एकच असतो, पुन्हा यांच्याबरोबर काम कराल का? प्रश्न अरुंद ठेवला की भांडायलाही जागा कमी उरते. मला ती युक्ती फार आवडते.

दर: ‘मला अमुक मिळतो, कमी आहे का?’ हा एकट्याचा प्रश्न वेगळा आणि ‘आपण सगळ्यांनी अमुकच्या खाली काम घ्यायचं नाही’ हा ठराव वेगळा. बऱ्याच देशांत स्पर्धकांनी मिळून दर ठरवणं स्पर्धा कायद्याविरुद्ध आहे, आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आपण एकमेकांचे स्पर्धक ठरतो. ग्रुप संस्थेच्या नावाने चालत असेल तर दुसऱ्या प्रकारचा मेल दिसताच थांबवा आणि वकिलाला विचारा.

यंत्रानुवाद: हा विषय तुम्ही बंद करू शकणार नाही, कारण तो आता धंद्याच्या पोटातच आहे. पण दर तीन महिन्यांनी तेच बारा मेल येतात. आम्ही विषयओळीत [यंत्र] असं लिहायला लावलं. ज्यांना नको त्यांनी फिल्टर लावला. एवढ्यावर भागलं.

कामाच्या जाहिराती: विषयओळीत [काम], मेलात भाषाजोडी, शब्दसंख्या, मुदत आणि दर. दर लिहिला नाही तर ‘दर काय?’ विचारणारे तीस मेल येतात. उत्तरं खासगीत. निधनाच्या बातम्या: एक मेल मॉडरेटरचा, आदरांजली खासगीत किंवा कुटुंबाकडे. याला कुणी फारसा विरोध करत नाही. शुभेच्छा आणि विनोद: नको.

आता सगळे मेल तपासून सोडण्याचं. मोह मला कळतो, मी तीन आठवडे करून पाहिलंय. आपल्या कामाला मुदत असते. ‘आज संध्याकाळपर्यंत हा शब्द हवाय’ म्हणून दुपारी आलेला मेल मी रात्री सोडला तर तो कुणाच्याच कामाचा नाही. दुसरी अडचण जास्त चिवट आहे. तुम्ही सोडलेला प्रत्येक मेल तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं, आणि अडवलेला प्रत्येक मेल हा पक्षपात ठरतो. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी मला ‘तुम्ही त्यांच्या बाजूच्या’ असं लिहिलं. एकाच दिवशी.

त्याऐवजी नव्या सदस्यांचे पहिले दोन-तीन मेल तपासा. मेलमन, गूगल ग्रुप्स, असे ग्रुप चालवायच्या बहुतेक सगळ्या प्रणालींत सदस्यागणिक ही सोय असते. आणि वणवा पेटलाच तर काही तासांपुरते सगळेच मेल रोखून धरा. मेलमनच्या जुन्या आवृत्तीत तर यासाठी आणीबाणीचं वेगळं बटण होतं आणि शेजारी खुलासा होता की ग्रुपवर शिवीगाळ सुरू झाली आणि थंड व्हायला वेळ हवा असेल तर हे चालू करा. ज्याने ते लिहिलं त्याने असे दिवस पाहिलेले असणार. मी २४ तासांपलीकडे कधी जात नाही आणि उठवायची वेळ आधीच जाहीर करते.

एक सेटिंग मात्र आजच बघा: ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर कुणाला जातं, ग्रुपला की लिहिणाऱ्याला? यावर ग्रुप चालवणाऱ्यांत जुने दोन तट आहेत. मी कोणत्या तटात आहे ते माझ्याच एका फजितीवरून ठरलं. एका सदस्याच्या रोजच्या लांबलचक मेलांबद्दल दुसऱ्याने ग्रुपवर सौम्यपणे काही लिहिलं. मी घाईत त्याला उत्तर दिलं: ‘त्यांचं नेहमीचंच आहे हो, आवरते मी त्यांना.’ आमचं सेटिंग ग्रुपकडे होतं. ४३० लोकांनी ते वाचलं, अर्थात ‘त्यांनी’सुद्धा. मी आधी त्यांना फोन केला, मग ग्रुपवर दोन ओळींची माफी टाकली. फोनवर ते म्हणाले, ‘लांब लिहितो हे मला माहीत आहे. तुम्ही सरळ सांगितलं असतं तर चाललं असतं.’ पुढचं पाऊण मिनिट मला काही सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी सेटिंग बदललं. आता उत्तर लिहिणाऱ्यालाच जातं, ग्रुपला पाठवायचं तर पत्ता मुद्दाम घालावा लागतो. रागाचे निम्मे मेल त्या एका अडथळ्यातच गळतात. तोटाही आहे: शब्दांची चांगली उत्तरं खासगीत जातात आणि बाकीच्यांना दिसत नाहीत. म्हणून ज्याने प्रश्न विचारला त्याने दोन दिवसांत आलेल्या उत्तरांचं सार ग्रुपवर टाकायचं, अशी पद्धत पाडली. दहापैकी सात जण टाकतात. उरलेल्या तिघांना मी आठवण करते.

गेलेल्या १२ जणांमागे लगेच धावू नका. ते सोडून गेले हे तसं बरंच म्हणायचं. वैतागलेले पण न सोडलेले लोक ग्रुपचे मेल ‘स्पॅम’ म्हणून टाकतात, आणि असं बऱ्याच जणांनी केलं की बाकीच्यांकडेही तुमचे मेल स्पॅमच्या कप्प्यात जायला लागतात. म्हणून बाहेर पडायचा दुवा प्रत्येक मेलाच्या तळाशी ठळक ठेवा. अर्ध्या पानाचे नियम झाले, दुसऱ्या दाराचं ठरलं, की मग त्या १२ जणांना एकेकट्याला चार ओळी लिहा. आमच्याकडे तशा वेळी नऊपैकी पाच परत आले होते.

राहिलं सह्यांचं आणि मागचा मेल चिकटवण्याचं. याचा त्रास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे, पण तो सगळ्यांना होत नाही. जे दिवसभराचे मेल एकत्र डायजेस्टमध्ये घेतात त्यांना तोच मजकूर सात वेळा खाली सरकवावा लागतो, आणि डायजेस्ट घेणारे बहुतेक शांत, जुने, कामाचे सदस्य असतात. ज्या ओळीला उत्तर देताय तेवढीच ठेवा, बाकी पुसा, एवढं स्वागताच्या मेलात लिहा. सहीला चार ओळी पुरतात, १९९५ च्या त्या टिपणातही तेवढ्याच सांगितल्यात. कुणाची सही अकरा ओळींची असेल, खाली पदव्या आणि सुविचार असतील, तर त्यालाही खासगीतच लिहा, आणि सुविचाराबद्दल काही बोलू नका.